सात टक्क्यांचा उंबरठा

३ ऑक्टोबर १९६५, रविवार. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या लिबर्टी बेटावर, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली. रॉबर्ट आणि एडवर्ड हे केनेडी बंधूही हजर होते. भाषणात जॉन्सन स्वतःच म्हणाले की हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, लाखो लोकांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम व्हायचा नाही. राजकारणी माणूस आपल्याच कामाचं मोल कमी करून सांगू लागला की समजावं, कुणाला तरी धीर द्यायचाय. आशियातून आता लोंढे येतील म्हणून बरेच अमेरिकन मतदार धास्तावले होते. आदल्या वर्षी ॲटर्नी जनरल असताना रॉबर्ट केनेडींनी काँग्रेसच्या समितीपुढे हिशेबच मांडला होता : आशिया-पॅसिफिक पट्ट्यातून पहिल्या वर्षी पाचेक हजार माणसं येतील, पुढे हा ओघ जवळजवळ आटेल.

त्या १९६५ सालात कायमच्या वास्तव्यासाठी अमेरिकेत दाखल झालेल्या भारतीयांची सरकारी नोंद आहे ५८२. पाच वर्षांनी, १९७० साली, हा वर्षाचा आकडा १० हजारांच्या वर गेला. १९६०च्या जनगणनेत भारतात जन्मलेले अमेरिकावासी १२ हजारांच्या आसपास होते, २००० साली ते १० लाखांवर गेले.

हिशेब इतका कसा चुकला यावर इतिहासकारांनी भरपूर लिहिलं आहे. मला मात्र त्या कायद्यातलं एक साधं, कोरडं कलम अधिक नाट्यमय वाटतं. पूर्व गोलार्धातल्या कोणत्याही एका देशाला वर्षाला जास्तीत जास्त २०,००० व्हिसा, असं ते कलम. ब्रिटन असो, ग्रीस असो की भारत, सगळ्यांना एकच माप. चाळीस वर्षं वंशानुसार दार उघडणाऱ्या देशाने पहिल्यांदा सगळ्यांना सारखं मोजायचं ठरवलं होतं, आणि भारतीयांइतका त्याचा आनंद क्वचितच कुणाला झाला असेल. आज त्याच कलमाचा वारस लाखो भारतीयांना दारात अडवून उभा आहे, आणि समानता हेच अजूनही त्याचं समर्थन आहे.

सारखं माप मिळण्याआधी काय परिस्थिती होती, ते पाहिल्याशिवाय १९६५चं अप्रूप कळायचं नाही.

१८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघून न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही. तशी काही वस्तूच तेव्हा नव्हती. उतरवून घ्यायला रोझेलच्या कार्पेंटरबाई होत्या, पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश झाला, १८८६ला पदवी मिळाली. आदल्याच वर्षी, १८८२ साली, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. पण शिकायला आलेली एकटी ब्राह्मण विवाहिता कुणाच्या डोळ्यांवर येण्यासारखी नव्हती. ते लक्ष वेधून घेतलं पंजाबातून पॅसिफिक किनाऱ्यावर लाकूडगिरण्यांत कामाला आलेल्या शीख मजुरांनी. सप्टेंबर १९०७मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये गोऱ्या जमावाने त्यांना राहत्या घरांतून ओढून काढलं आणि गाव सोडायला लावलं. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९१७मध्ये, अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार झुगारून काँग्रेसने नकाशावर एक पट्टा आखला. त्या ‘निषिद्ध आशियाई पट्ट्या’तून कुणी मजुरीला येऊ नये असा तो कायदा, आणि भारत पट्ट्याच्या ऐन मध्यावर.

त्यातही एक फट ठेवली होती. विद्यार्थी, डॉक्टर, वकील, अध्यापक, इंजिनिअर, व्यापारी यांना ती बंदी नव्हती. बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबियात दाखल झाले होते. त्यांच्यासारख्या विद्यार्थ्यांना १९१७नंतरही येता आलं असतं. हात नकोत, डोकं चालेल. पुढच्या शंभर वर्षांच्या धोरणाचं बीज इथेच दिसतं, आणि आपल्याकडच्या शिकलेल्या मध्यमवर्गाला ते कधी फारसं खुपलं नाही, हेही सांगायला हवं.

येणं एक आणि नागरिक होणं दुसरं. नागरिकत्व फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळू शकत होतं. नोव्हेंबर १९२२मध्ये ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तुम्ही त्यात बसत नाही. भगतसिंग थिंद या शीख गृहस्थांनी तो निकाल धरून म्हटलं, मानववंशशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियनच आहेत, मग मला नागरिकत्व द्या. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातही होते. १९ फेब्रुवारी १९२३ला निकाल लागला. न्यायमूर्ती सदरलँड तेच, ज्यांनी तीन महिन्यांपूर्वी ओझावांना वंशशास्त्र ऐकवलं होतं. आता ते म्हणाले, शास्त्र राहू द्या, रस्त्यावरचा सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा.

थिंद यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे होते सखाराम गणेश पंडित. आपल्या लिखाणात या माणसाचं नाव फारसं येत नाही, ते यायला हवं. पंडित १९१४ साली कॅलिफोर्नियात अमेरिकन नागरिक झाले होते, तिथेच वकिली करत होते, गोऱ्या अमेरिकन बाईशी त्यांनी लग्न केलं होतं. थिंद निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही मागे घ्यायला सुरुवात केली. पन्नासहून अधिक भारतीयांवर गदा आली. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णोदास बगाई त्यांतले एक. नागरिकत्व गेलं, पाठोपाठ मालमत्तेचे हक्क गेले, मायदेशी जाऊन यायला अमेरिकन पासपोर्टही मिळेना. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली आणि कारण लिहून ठेवलं.

पंडितांवरही खटला झाला. त्यांनी वंशाचा वाद पुन्हा काढलाच नाही, तो हरलेला डाव होता. त्यांचा युक्तिवाद खास वकिली होता : १९१४ साली न्यायालयाने सगळं तपासून मला नागरिक केलं, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, त्या निकालावर विसंबून मी माझं भारतातलं सगळं सोडलं, इथे व्यवसाय उभारला, लग्न केलं. आणि माझं नागरिकत्व गेलं तर तेव्हाच्या कायद्याप्रमाणे माझी जन्माने अमेरिकन असलेली बायकोही परकी ठरायची. झालेला निकाल झाला, तो आता उकरता येणार नाही. १९२६ साली अपील न्यायालयाने ते मान्य केलं, १९२७ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील दाखल करून घ्यायला नकार दिला, आणि नागरिकत्व काढून घेण्याची ती मोहीम थंडावली. दुसऱ्याचा खटला हरलेला वकील स्वतःचा जिंकला आणि त्यात कितीतरी जण तरले.

१९४६ साली परिस्थिती थोडी हलली. न्यूयॉर्कमध्ये कापडाचा व्यापार करणारे जे. जे. सिंग यांनी वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं खेटे घातले होते. क्लेअर बूथ ल्यूस आणि इमॅन्युएल सेलर यांचं विधेयक २ जुलैला ट्रुमन यांनी संमत केलं. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, आणि येण्यासाठी कोटा मिळाला वर्षाला १००. अखंड हिंदुस्थानाला शंभर. १९५२च्या कायद्याने त्यात आणखी मेख मारली. लंडनमध्ये जन्मलेला भारतीय वंशाचा मुलगा ब्रिटनच्या ६५ हजारांवरच्या कोट्यात धरायचा नाही, त्याला भारताच्याच चिमुकल्या कोट्यात कोंबायचं. इंग्रजाला जन्मस्थान लागू, हिंदुस्थान्याला रक्त. या पार्श्वभूमीवर १९६५चं ‘सर्वांना वीस हजार’ वाचलं की त्याची किंमत कळते.

आता मुंबईकडे येऊ. १९६५नंतर अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या माणसाला पहिला अडसर आपल्याच सरकारचा लागायचा. पासपोर्ट ही तेव्हा मेहेरबानीची चीज होती. तो कुणाला द्यावा, कुणाला नाही, याचा कायदाच नव्हता, सगळा साहेबाच्या मर्जीचा कारभार. सतवंतसिंग सहानी नावाच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला सरकारने पासपोर्ट परत करायला सांगितलं, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधीच एका खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असं म्हटलं होतं. एप्रिल १९६७मध्ये सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्या खंडपीठाने, तीन विरुद्ध दोन अशा निसटत्या बहुमताने, तेच मान्य केलं. दोन महिन्यांत संसदेने पासपोर्टचा कायदा केला. म्हणजे अमेरिकेचं दार सताड उघडलं जात असतानाच आपल्या घराची कडीही निघाली. योगायोगच, पण दोन्हीपैकी एक जरी घडलं नसतं तरी पुढची गोष्ट वेगळी झाली असती.

पासपोर्टनंतर परकीय चलन. देशाच्या गंगाजळीत खडखडाट होता. जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ रुपयांवरून साडेसातवर गेला. तिकीट रुपयांत काढायचं असलं तरी पी-फॉर्मवर रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागायची, आणि विमानात बसताना हातात पडायचे आठ डॉलर. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, आठ डॉलरची गोष्ट येतेच. पुढे सधन झालेल्या माणसाच्या तोंडी ती जरा रंगूनही येते, पण मूळ बात खरी आहे. शिकायला जाणाऱ्यांसाठी मुंबईत जे. एन. टाटा एंडोमेंटचं कर्ज होतं, ते १८९२पासून दिलं जात होतं. बाकीच्यांना मामा, काका आणि आईच्या पाटल्या.

अमेरिकेला तेव्हा माणसं हवीच होती. जुलै १९६५मध्ये मेडिकेअरचा कायदा झाला, म्हाताऱ्यांचा दवाखान्याचा खर्च सरकार देऊ लागलं आणि डॉक्टर अपुरे पडू लागले. व्हिएतनामच्या युद्धात तरुण डॉक्टर लष्करात जात होते. मोठ्या शहरांतल्या सरकारी रुग्णालयांना रात्रपाळीसाठी इंटर्न मिळत नव्हते. तेव्हा ग्रँट मेडिकल, जी. एस., पुण्याचं बी. जे. इथले ताजे पदवीधर परदेशी डॉक्टरांसाठीची ईसीएफएमजीची परीक्षा देऊन निघू लागले. इंग्रजीतून शिकलेले, ब्रिटिश वळणाचा अभ्यासक्रम कोळून प्यायलेले आणि करदात्याच्या पैशावर जवळजवळ फुकट घडलेले. अमेरिकेला यांच्या शिक्षणाचा एक सेंटही खर्च आला नव्हता.

इंजिनिअरांची गंमत आणखी वेगळी. १९६५च्या कायद्यात व्यावसायिकांसाठी जी तिसरी पसंती होती, तिच्याखाली नोकरी हातात नसतानाही अर्ज करता यायचा. पदवी दाखवा, व्यवसाय टंचाईच्या यादीत असला की झालं. १९५७पासून अमेरिकन वकिलात ब्रीच कँडीच्या वांकानेर हाऊसमध्ये, म्हणजे नंतरच्या लिंकन हाऊसमध्ये होती. दादर-पार्ल्याच्या चाळींतली, ब्लॉकांतली पोरं तिथे जाऊन ग्रीन कार्डाचा व्हिसा घेऊनच निघत. आजच्या, एच-वन या तात्पुरत्या व्हिसावर जाणाऱ्या मुलाला हे सांगितलं तर तो विश्वास ठेवणार नाही. ग्रीन कार्ड खिशात आणि नोकरी नाही, अशी उलटी स्थिती होती. न्यूयॉर्कला उतरायचं, मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपायचं, रविवारच्या पेपरातल्या जाहिराती पाहून अर्ज टाकायचे, आणि दोन महिने कुठेतरी कारकुनी किंवा भांडी धुणं. इंजिनिअरिंगची पहिली नोकरी लागली की घरी पत्र.

पवईची आयआयटी १९५८ साली सोव्हिएत संघाच्या आणि युनेस्कोच्या मदतीने उभी राहिली. तिथे यंत्रसामग्री रशियन, काही अध्यापक रशियन. विद्यार्थी मात्र शेवटच्या वर्षी अमेरिकन प्रवेशाच्या आय-ट्वेंटी फॉर्मची आणि ‘एड’ची, म्हणजे आर्थिक मदतीची, वाट पाहायचे. शीतयुद्धात रशियाने अमेरिकेला दिलेली ही बहुधा सर्वांत उदार देणगी असावी. १९८०च्या दशकात सुहास सुखात्मे आणि महादेवन यांनी पवईच्या पदवीधरांची पाहणी केली, तेव्हा १९७३ ते १९७७ या तुकड्यांतले सुमारे ३१ टक्के परदेशात स्थायिक झालेले आढळले. ‘ब्रेन ड्रेन’वर अग्रलेख लिहिले जात होते. परतणाऱ्यांना तात्पुरतं काम देण्यासाठी सरकारने १९५८ सालीच शास्त्रज्ञांचा पूल काढला होता. पण हरगोविंद खुराना यांना एकेकाळी भारतात धड नोकरी मिळाली नव्हती आणि १९६८ला अमेरिकन नागरिक म्हणून नोबेल मिळालं, हे उदाहरण समोर असताना त्या पुलावरून कोण माघारी येणार?

मग १९७६ आलं. अमेरिकेत मंदी येऊन गेली होती आणि तिथली स्वतःची वैद्यकीय महाविद्यालयं वाढली होती. काँग्रेसने जाहीर करून टाकलं की देशात आता डॉक्टरांची टंचाई उरलेली नाही, परदेशी डॉक्टरांना नवी, अवघड परीक्षा. त्याच वर्षी तिसऱ्या पसंतीलाही नोकरीची अट लागली. एक दशकाची बहार संपली. पण आलेले लोक तोवर नागरिक होऊ लागले होते, आणि १९६५च्या कायद्यात नातलगांसाठी तर मोठा वाटा होता. तो मुळात युरोपीय वंशाचंच प्रमाण टिकावं म्हणून घातला होता. फायदा झाला आशियाई भावंडांना. डॉक्टर मुलामागे धाकटा भाऊ आला, त्याची बायको, मग बहीण-मेव्हणे. गणपती बसू लागले, नाटकं बसू लागली, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं आणि १९८४ला शिकागोत त्याचं पहिलं अधिवेशन भरलं. ही सगळी माणसं एका पिढीत वरच्या थराला पोचली, आणि ‘आम्ही कष्टाने वर आलो’ असं सांगू लागली. कष्ट केलेच होते. पण शिकलेलीच माणसं वेचून घेणारी चाळणी कायद्याने लावली होती, ही गोष्ट त्या कथनातून अलगद गळून गेली.

१९९०चा कायदा हा या गोष्टीतला खरा वळणबिंदू, आणि तो कुणाच्या फारसा लक्षात नाही. २९ नोव्हेंबरला थोरल्या बुश यांनी सही केली. त्यात दोन गोष्टी घडल्या. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला ५४ हजारांवरून १ लाख ४० हजार केली, पण एका देशाला एकूण व्हिसांच्या सात टक्क्यांहून जास्त नाहीत. वीस हजारांचं जुनं माप टक्क्यांत आलं. दुसरीकडे तात्पुरत्या कुशल कामगारांच्या जुन्या एच-१ व्हिसातून एच-१बी वेगळा निघाला. त्याला पहिल्यांदा कमाल मर्यादा घातली, ६५ हजार. तेव्हाच्या लोकांच्या मते हा लगाम होता. या दुसऱ्या दाराला देशवार मर्यादा मात्र नव्हती.

तात्पुरतं यायला देश कोणता हे पाहायचं नाही आणि कायमचं राहायला पाहायचं, ही विसंगती कायदा करणाऱ्यांना दिसली नाही असं नाही. ती महत्त्वाची वाटावी इतके भारतीय तेव्हा येतच नव्हते.

ते आले. सीप्झ हे निर्यातक्षेत्र १९७३ साली अंधेरीत सुरू झालं होतं, टीसीएस आणि पटनीसारख्या कंपन्या ‘ऑनसाइट’ माणसं पाठवायला शिकल्या होत्या, १९८१ला पुण्यात इन्फोसिस निघाली होती. वर्ष लिहिताना दोनच आकडे वापरण्याची जुनी सवय २०००च्या तोंडावर संगणकांना महागात पडणार, म्हणून कोबोल ही जुनी संगणकभाषा येणारी हजारो माणसं घाईने हवी झाली. मर्यादा आधी १ लाख १५ हजार, मग २००१ ते २००३ अशी तीन वर्षं १ लाख ९५ हजार केली गेली. वॉर्डन रोडवर लिंकन हाऊसबाहेर पहाटेपासून रांगा, आत बॅग न्यायला मनाई म्हणून दहा-वीस रुपयांत बॅगा सांभाळणारे, पासपोर्ट साइझ फोटोवाले. हे सगळं २०११ला वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात जाईपर्यंत चाललं.

एच-१बी तीन वर्षांचा, फार तर सहा. पण ऑक्टोबर २०००मध्ये एक सोय झाली : ग्रीन कार्डाची फाइल रांगेत असेल तर सहा वर्षांनंतरही मुदत वाढवत राहता येईल. माणुसकीचीच सोय होती. परिणाम असा झाला की रांग कितीही लांबली तरी माणूस परत जात नाही, आणि तो परत जात नाही म्हणून रांग आखूड होत नाही. त्यात बायको-मुलंही त्याच १ लाख ४० हजारांत मोजली जातात, चौघांचं कुटुंब चार जागा खातं. १ लाख ४० हजारांचे सात टक्के म्हणजे ९,८००. भारताला तेवढे, आइसलँडलाही तेवढेच. इतर देशांचे न वापरलेले व्हिसा काही वेळा भारताकडे झिरपतात, पण त्यावर रांग हटत नाही. आणि मोजणी होते ती जन्मस्थानावर. नागपूरला जन्मून आयुष्यभर लंडनला राहिलेला ब्रिटिश नागरिकही भारताच्याच रांगेत. बायको नेपाळात जन्मलेली असेल तर मात्र तिच्या रांगेचा फायदा मिळतो.

दर महिन्याला परराष्ट्र खातं ‘व्हिसा बुलेटिन’ काढतं. त्यात प्रत्येक श्रेणीपुढे एक तारीख असते, तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत लागल्याची तारीख, तिच्याआधीची असली तरच फाइल पुढे सरकते. २००५च्या शरद ऋतूपासून भारतीयांच्या तारखा मागे जाऊ लागल्या. जून २००७मध्ये मात्र अनपेक्षित बुलेटिन आलं : जुलैत जवळजवळ सगळ्या श्रेणी खुल्या. लोकांनी धावतपळत वैद्यकीय तपासण्या केल्या, वकिलांना फी दिल्या, सुट्टीवर भारतात गेलेले विमानं बदलून परतले. आणि २ जुलैला, अर्ज पोचायच्या दिवशीच, सरकारने सांगितलं की व्हिसे संपले, एकही अर्ज घेणार नाही.

तेव्हा जे झालं ते अमेरिकेच्या स्थलांतराच्या इतिहासात विरळाच म्हणायला हवं. आदल्या वर्षी, फुलं पाठवून विरोध करायची ‘गांधीगिरी’ शिकवणारा ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन गेला होता. इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेस यांच्या कार्यालयात १० जुलैला शेकडो पुष्पगुच्छ येऊन पडले. पाठवणारे सॉफ्टवेअरवाले, कायद्याने वागणारे, कर भरणारे, आवाज चढवायला घाबरणारे. गोन्झालेस यांनी ती फुलं वॉल्टर रीड आणि बेथेस्डा इथल्या लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांसाठी पाठवून दिली. पण बातमी देशभर झाली. चार दिवसांनी सॅन होजेत मोर्चा निघाला. १७ जुलैला सरकारने माघार घेतली आणि महिनाभर अर्ज स्वीकारले. गांधीगिरी कामाला आली, असं सगळे म्हणतात. माझ्या मते वकिलांच्या संघटनेने चालवलेल्या खटल्याच्या तयारीचा वाटाही मोठा होता, पण खटल्याला फुलांसारखा फोटो निघत नाही.

मूळ कलमाला त्याने धक्का लागला नाही. रांग वाढतच गेली. वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटने २०२३ साली हिशेब केला, तेव्हा नोकरीवर आधारित १८ लाख प्रलंबित प्रकरणांपैकी ११ लाख भारतीयांची होती, आणि नव्याने रांगेत लागणाऱ्या भारतीयाला सैद्धांतिक प्रतीक्षा १३४ वर्षं. २०२५ सालीही दुसऱ्या श्रेणीतल्या भारतीयांची तारीख २०१२-१३च्या आसपास घुटमळत होती. या रांगेतल्या माणसाला बढती घेताना विचार करावा लागतो, कारण काम बदललं की फाइल नव्याने करावी लागू शकते. नोकरी गेली तर ६० दिवस. एकविसावं लागलं की मुलं आईबापांच्या फाइलमधून गळतात, मग दोन वर्षांची असताना आलेली पोरगी कॉलेजात परदेशी विद्यार्थिनी होते. सप्टेंबर २०२५च्या एका शुक्रवारी नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा भारतात आलेले कित्येक जण ते आपल्याला लागू आहे की नाही हे कळायच्या आतच विमानतळाकडे पळाले. लागू नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

हे कलम काढायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. जुलै २०१९मध्ये कनिष्ठ सभागृहाने देशवार मर्यादा रद्द करणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केलं. डिसेंबर २०२०मध्ये सिनेटने वेगळ्या रूपात, एकमताने. दोन्हींचा मेळ बसायच्या आत त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक मेलं. विरोधकांत इराणी संशोधक होते, फिलिपाइन्समधून नर्सेस आणणारी रुग्णालयं होती. मर्यादा गेली तर पुढची अनेक वर्षं जवळजवळ सगळी कार्डं भारतीयांकडे जातील आणि आमची छोटी रांग तुमच्या मोठ्या रांगेत बुडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं. माणसाला सारखं मोजायचं की देशाला, हा प्रश्न १९६५ साली कुणाला पडला नव्हता, कारण तेव्हा दोन्हींचं उत्तर एकच येत होतं. एकूण १ लाख ४० हजारांचा आकडा वाढवला तर वादच मिटेल, पण १९९०नंतर तो आकडा हललेला नाही.

शेजारी कॅनडात २०१५पासून एक्सप्रेस एंट्री आहे. वय, पदवी, अनुभव, भाषा यांना गुण मिळतात, जन्म कुठला हे विचारत नाहीत, आणि दरवर्षी तिथल्या आमंत्रणांत भारतीय आघाडीवर असतात. जुलै २०२३मध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१बी धारकांसाठीच एक योजना काढली : तीन वर्षांचा खुला कामाचा परवाना, कुटुंबासह, पहिल्या १० हजार अर्जांना. मुदत एक वर्षाची ठेवली होती. १६ जुलैला अर्ज घ्यायला सुरुवात झाली आणि दुसऱ्या दिवशी दहा हजार भरले.